पाकिटावरचा नंबर कोणाचा?

कोकणातल्या कुठल्याही बचत गटाच्या मालाचं पाकीट हातात घ्यावं आणि उलटून पाहावं. पुढच्या बाजूला गटाचं नाव आणि माडाचं चित्र. मागे घटक पदार्थ, वजन, किंमत, बॅच, अन्न नोंदणीचा 14 अंकी क्रमांक, पत्ता आणि तक्रारीसाठी मोबाइल नंबर. हा नंबर छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे तो असतोच. पण लावून पाहिला तर पलीकडून अनेकदा पुरुषाचा आवाज येतो. नवरा, दीर, नाहीतर मुंबईत कामाला असलेला मुलगा. 'आई बागेत गेलीय, संध्याकाळी करा', असं उत्तर मिळतं. गिऱ्हाईक संध्याकाळी पुन्हा करत नाही.

मिरच्या तिने निवडल्या, मसाला तिने भाजला, पाऊचला सील तिने मारलं, कर्जाच्या हप्त्याखाली सही तिची आहे. धंद्यात सगळ्यांत महागाने मिळणारी गोष्ट म्हणजे परत येणारं गिऱ्हाईक. तेवढं मात्र दुसऱ्याच्या फोनमध्ये जाऊन बसलं. लेबल छापताना यामागे कोणाचा वाईट हेतू नसतो. तिच्या फोनचं रिचार्ज संपलेलं असतं, घरात 'परक्या माणसांशी बोलणार कोण' असा प्रश्न निघतो, छापखानेवाला घाई करत असतो. पण पाच वर्षांनी हिशेब मांडला की दिसतं, माल बनवणारी तीच आहे आणि बाजार ओळखतो तो दुसऱ्यालाच.

आमचं म्हणणं सरळ आहे. कोकणातल्या उद्योजक बायकांना आणखी एका लोणचं-पापड प्रशिक्षणाची गरज उरलेली नाही. त्यांना विकत घेणाऱ्यांशी टिकाऊ ओळख हवी आहे, आणि ती ओळख त्यांच्या स्वतःच्या नावावर हवी आहे. सरकारचा पैसा आणि संस्थांचा वेळ आता या कामाकडे वळला पाहिजे.

बनवण्याच्या बाजूला आजवर पुष्कळ काम झालं, हे आधी मान्य करू. महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 सालचं. ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजे आपली 'उमेद', 2011 पासून गावागावात आहे. दापोलीचं कृषी विद्यापीठ 1972 पासून कोकम, काजू, फणस, आंबा यांच्या प्रक्रियेचं ज्ञान गावापर्यंत पोहोचवतं आहे. त्यामुळे आज सिंधुदुर्गात किंवा रत्नागिरीत चांगली आंबापोळी, चांगलं कोकमाचं आगळ, चांगलं कुळथाचं पीठ करणारी बाई शोधावी लागत नाही. बचत गट चालवायची पंचसूत्री तोंडपाठ आहे, बैठकांची वही नीट आहे, बँकेची परतफेड वेळच्या वेळी होते.

मग माल तयार झाला की काय होतं? प्रदर्शन. चार-पाच दिवस मांडव, स्टॉल, उद्घाटन, शेवटच्या दिवशी एकूण उलाढालीचा आकडा आणि फोटो. महालक्ष्मी सरससारख्या मुंबईतल्या मोठ्या प्रदर्शनात विक्री खरोखर चांगली होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण स्टॉल आवरताना त्या बाईकडे काय उरतं ते पाहा. गल्ला उरतो, रिकामे खोके उरतात. तिच्याकडून माल नेलेल्या शेकडो माणसांपैकी एकाचंही नाव तिच्याजवळ नसतं. पुढच्या वर्षी ती पुन्हा नव्या अनोळखी गर्दीसमोर उभी राहते आणि मालाची चव पहिल्यापासून पटवून देते. प्रदर्शनाचा सगळा खर्च दर वर्षी नव्याने करायचा आणि त्यातून मिळणारी ओळख दर वर्षी वाऱ्यावर सोडायची, असं चाललं आहे.

'आपल्याकडच्या बायकांना विकता येत नाही', हे वाक्य यावर हमखास ऐकू येतं. ते साफ चुकीचं आहे. हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव उभा राहून पाहिला तर हा समज टिकणार नाही. पाटी घेऊन दारोदार जाणारी मासेविक्री करणारी बाई कोणत्या घरी सोमवारी मासळी चालत नाही, कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाची मागची बाकी किती, हे सगळं डोक्यात ठेवते. तिचा भाव गिऱ्हाइकागणिक बदलतो आणि उधारी बुडत नाही, कारण ती पुन्हा त्याच दारात येणार हे दोघांनाही माहीत असतं. विक्रीतलं नातं याहून वेगळं नसतं. पाकिटबंद मालात हे कौशल्य दिसत नाही, कारण आपण ती व्यवस्थाच अशी उभारली की बाई आणि गिऱ्हाईक यांची दुसऱ्यांदा गाठ पडत नाही.

लिज्जतचं उदाहरण प्रत्येक मेळाव्यात दिलं जातं. 1959, गिरगावातली गच्ची, सात बायका, उसने घेतलेले 80 रुपये. पण एक तपशील भाषणांत गळतो. पहिल्या दिवशी लाटलेली पापडांची चार पाकिटं भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली होती. ओळखीच्या. त्या सात जणींचे पापड घेणारा माणूस आधीपासून ओळखीचा होता. आपण मात्र आधी यंत्र आणतो, मग पाऊच, मग लेबल आणि सगळं झाल्यावर विचारतो, आता विकायचं कुठे?

ओळख धरून ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते सांगितल्याशिवाय हे बोलणं पोकळ राहील.

स्टॉलवर दोन बायका असाव्यात. एक माल देईल आणि पैसे घेईल, दुसरी फक्त वही सांभाळेल. वहीत पाच रकाने पुरतात: नाव, गाव किंवा उपनगर, फोन, काय नेलं, पुन्हा कधी लागेल. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आणि तोच कोणी भरत नाही. 'वहिनी, वर्षाला मसाला किती लागतो तुमच्याकडे?' एवढा एक प्रश्न विचारला की गिऱ्हाईक स्वतः सांगतं, दोन किलो, मे महिन्यात गावी येतो तेव्हा नेतो. फोन नंबर घेताना 'नवा माल आला की कळवू का?' अशी परवानगी घ्यावी. परवानगी न घेता रोज 'शुभ सकाळ'ची चित्रं पाठवणारा गट आठवड्यात ब्लॉक होतो, आणि मग कामाचा निरोपही पोहोचत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपची एक तांत्रिक गोष्ट फार जणींना सांगितलीच जात नाही. ब्रॉडकास्ट लिस्टवरून, म्हणजे एकदम अनेकांना निरोप पाठवायच्या यादीवरून, पाठवलेला निरोप ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच पोहोचतो, आणि एका यादीत 256 च माणसं बसतात. म्हणजे आपण त्यांचा नंबर लिहून घेणं हे अर्धंच काम झालं. स्टॉलवरच मिस्ड कॉल द्यावा आणि 'आमचं नाव सेव्ह करा, मालवणी मसाला असं लिहा' असं सांगावं. माणूस समोर उभा असताना हे दहा सेकंदांत होतं, घरी गेल्यावर कधीच होत नाही.

पहिला निरोप आठ दिवसांच्या आत जावा, आणि तो विक्रीचा नसावा. 'ताई, तुम्ही आमच्याकडून कुळथाचं पीठ नेलं होतं. पिठी करून पाहिलीत का? पातळ वाटली तर पीठ आधी गार पाण्यात कालवून मग फोडणीत सोडा.' असा निरोप आला की उत्तर येतं. उत्तर आलं की ओळख झाली. त्यानंतरचे निरोप मोसमाप्रमाणे. मसाल्याच्या गिऱ्हाइकाला मार्चच्या मध्यावर विचारायचं, यंदा किती किलो, आणि निम्मे पैसे आगाऊ घ्यायचे. त्याच सुमारास बेडगी आणि संकेश्वरी मिरचीचा नवा माल बाजारात असतो. पन्नास गिऱ्हाइकांची आगाऊ रक्कम हातात असेल तर मिरची रोखीने आणि ठोक भावाने येते, आणि त्या महिन्यात गटातून अंतर्गत कर्ज काढायची वेळ येत नाही. भांडवलाचा प्रश्न म्हणून ज्याकडे पाहिलं जातं, तो पुष्कळदा ओळखीचा प्रश्न असतो.

कोकमाच्या मालाचं वेळापत्रक याहून कडक आहे. फळ एप्रिल-मेमध्ये पिकतं, आमसूल रसात भिजवून पुन्हा पुन्हा उन्हात वाळवावं लागतं, आणि वळवाची एक जोरदार सर आली की फळही जातं आणि वाळवणही. मिरगाच्या आत जो माल तयार झाला तोच पुढचं वर्षभर विकायचा. त्यामुळे दुकानदाराला नमुना दाखवायला मे महिन्यात जाऊन उपयोग नाही. मागच्या वर्षीच्या मालाचा नमुना घेऊन फेब्रुवारीत जायचं, ऑर्डर मार्चमध्ये पक्की करायची. गणपतीच्या भेटवस्तूंच्या ऑर्डरी ज्येष्ठ-आषाढातच मागायच्या. श्रावणात गेलेल्या बाईला दुकानदार 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

दुकानदाराशी असलेलं नातं मात्र सर्वांत जास्त कशावरून तुटत असेल तर हिशेबावरून. 'ठेवन जावा वयनी, खपला की पैसे देतंय', असं तो म्हणतो आणि ती दोन डझन पाकिटं ठेवून येते. कागद नाही, तारीख नाही. दोन महिन्यांनी तो म्हणतो अठरा होती, ती म्हणते चोवीस. चार पाकिटांना भुंगे लागलेले. पैशांवरून वाकडं बोलणं होतं आणि ते दुकान तिच्या मालासाठी कायमचं बंद होतं. यावर उपाय छापील वहीचा आहे. कार्बन घातलेली दुहेरी पावती, त्यावर तारीख, बॅच, नग, दर, परत माल कोणाच्या अंगावर, आणि पैसे घ्यायला येण्याचा दिवस. पहिल्या खेपेला बारापेक्षा जास्त नग ठेवू नयेत. दहाव्या दिवशी जाऊन विकले तेवढ्यांचे पैसे घ्यावेत आणि तेवढेच नवे नग ठेवावेत, जुनी बॅच पुढे ओढून नवी मागे लावावी. साठ दिवसांत न हललेलं पाकीट स्वतःहून उचलून बदलून द्यावं. पाकीट बदलण्याचा खर्च दुकान गमावण्यापेक्षा कितीतरी कमी असतो. शिवाय ते पाकीट घरी उघडून पाहिलं की सील कुठे सैल बसतंय, पावसाळी हवेत पीठ कधी गठ्ठा होतं, हे कळतं.

आता दर. इथे प्रशिक्षणात जे शिकवतात ते अर्धवट आहे, म्हणून आकडे घेऊन सांगतो. समजा, मसाल्याच्या 200 ग्रॅमच्या पाकिटाला कच्चा माल 70 रुपये, पाऊच आणि लेबल 8, मजुरी 20 (स्वतःची धरून, ती धरलीच पाहिजे), वाहतूक 7, खराबा 5. एकूण 110. गटाला 20 रुपये सुटावेत असं वाटतं, म्हणजे हातात 130 यायला हवेत. दुकानदार म्हणतो, मला 25 टक्के. ती 130 वर 25 टक्के चढवते, 162 रुपये 50 पैसे होतात, आणि दिसायला बरं म्हणून पाकिटावर 160 छापते. पण दुकानदार 25 टक्के छापील किमतीवर मोजतो. 160 चे 40 त्याने घेतले, तिच्या हातात आले 120. नफा वीसाचा दहा झाला, म्हणजे बरोबर निम्मा गेला, आणि तिला वाटतं दुकानदाराने फसवलं. त्याने फसवलेलं नसतं, दोघांचं टक्क्याचं गणित वेगळं असतं. 130 ला 0.75 ने भागायचं, 173 येतात, पाकिटावर 175 छापायचे. मग 25 टक्के वजा जाऊनही 131 हातात राहतात.

दुसरी चूक याहून घातक. दुकानात 175 ला असलेलं पाकीट ती जत्रेतल्या स्टॉलवर 130 ला विकते, कारण 'मधला कोणी नाही ना'. ते गिऱ्हाईक दुकानात जाऊन भांडतं, दुकानदार दुसऱ्या दिवशी माल उचलायला सांगतो. स्टॉलवर विकताना मधला माणूस ती स्वतःच असते. जायचं-यायचं भाडं, दोन दिवसांची मजुरी, मांडवाची जागा, हे सगळं त्या 45 रुपयांतूनच येतं. छापील किंमत सगळीकडे एकच ठेवावी. सूट द्यायचीच तर तीन पाकिटांवर एक लहान पुडी आमसुलाची द्यावी.

आता ओळखीच्या जाळ्याचा मुद्दा. हल्ली त्याला नेटवर्किंग म्हणतात आणि त्याच्या सभा होतात. शहरात सकाळी साडेसातला हॉटेलात भरणारे रेफरल क्लब आहेत, वर्षाची फी भरून सभासद व्हायचं आणि एकमेकांना गिऱ्हाईक सुचवायचं. पुण्या-मुंबईत ते चालत असतील. दोडामार्गच्या किंवा मंडणगडच्या वाडीतल्या बाईला मात्र सकाळची पहिली एसटी गाठायला घरचं पाणी भरून निघावं लागतं आणि संध्याकाळची शेवटची गाडी चुकली तर मुक्काम पडतो. तिच्यासाठी बैठक आठवडा बाजाराच्या दिवशी, बाजाराच्या गावी, अकरा ते एक या वेळात हवी. त्या दिवशी ती तशीही येणार असते. जिल्ह्याच्या ठिकाणी दुपारी चारला सुरू होणारी बैठक म्हणजे तिला न बोलावल्यासारखंच.

आणि बैठकीत कोण बसतं हे वेळेपेक्षा महत्त्वाचं. दहा लोणचंवाल्या एकत्र बसवल्या की त्या भाव पाडतात, त्यांचा दोष नसतो. एक मसालावाली, एक आमसूल-आगळवाली, एक कुळीथ-नाचणीचं पीठ करणारी, एक पापड-फेण्यांची, एक सुकी मच्छी नीट निवडून पाकिटात घालणारी, अशा पाच जणी एकत्र आल्या तर त्या एकमेकींच्या गिऱ्हाइकाला माल पोहोचवू शकतात. तारकर्ली, गुहागर, दिवेआगर, आंजर्ले इथल्या चार-पाच खोल्यांच्या घरगुती निवासाचं उदाहरण घ्या. शनिवार-रविवारी दहा-बारा पाहुणे. त्यांना घावन हवं, सोलकढी हवी, मसाला हवा, जाताना न्यायला काही हवं. निवास चालवणारी बाई पाच जणींना पाच फोन करणार नाही. तिला एक फोन, एक बिल आणि शुक्रवारी दुपारच्या आत माल हवा. त्या पाच जणींपैकी एकीने हा फोन घ्यायचा, बिल करायचं आणि त्याबद्दल एकूण रकमेवर ठरलेला वाटा घ्यायचा. वाटा आधी लिहून ठरवायचा. 'आपसातलंच आहे, बघू' म्हणून सोडलेला वाटा तिसऱ्या महिन्यात भांडणाचं कारण होतो.

अशा पुरवठ्यात माल बनवणारीच फोनवर असणं किती मोलाचं असतं ते दोन बारीकशा गोष्टींतून दिसतं. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस. निवासातला नवा आचारी ते माहीत नसल्याने सोलकढीत पुन्हा मीठ घालतो, पाहुणे नाकं मुरडतात, आणि 'तुमचं आगळ खराब आहे' असा फोन येतो. मुंबईतल्या मुलाने तो उचलला तर तो म्हणेल, बदलून देऊ. नवी बाटली जाईल, तीही खारटच लागेल, आणि तिसऱ्यांदा ऑर्डर येणार नाही. तिने उचलला तर ती एवढंच विचारेल, 'दादा, वेगळं मीठ घातलंत काय?' आणि पुढच्या बॅचच्या लेबलवर 'यात मीठ आहे' हे मोठ्या अक्षरात येईल.

आमसुलावरच्या पांढऱ्या थराचंही तसंच. शहरातलं गिऱ्हाईक फोटो पाठवून म्हणतं, बुरशी आली. बऱ्याचदा ते सुकताना वर आलेलं मीठ असतं. बोटाने चोळून दाणेदार लागतंय का, पाण्यात टाकल्यावर विरघळतंय का, की केसाळ आहे आणि कुबट वास येतोय, हे तीन प्रश्न विचारले की निकाल लागतो. मीठ असेल तर गिऱ्हाइकाचं समाधान होतं. बुरशी असेल तर आमसूल पुरतं वाळण्याआधी पाकीटबंद झालं हे उघड आहे, आणि बॅच क्रमांक विचारून त्या बॅचची उरलेली पाकिटं दुकानांतून त्याच दिवशी उचलता येतात. तक्रार ऐकणारी बाई माल सुधारते. तक्रार दुसऱ्याने ऐकली तर ती चुलीपर्यंत पोहोचतच नाही.

नात्याला कागदाचा आधार लागतो, तो थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे, आणि ती बाईच्याच नावाने व्हायला हवी. केंद्र सरकारच्या खरेदी धोरणात 2018 पासून तीन टक्के खरेदी महिलांच्या मालकीच्या सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायची तरतूद आहे. नवऱ्याच्या नावाने नोंदलेला उद्योग त्यात बसत नाही. सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे, 2006 पासून, खरेदीदाराने लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने व्याज. 2023 च्या वित्त कायद्याने त्याला आयकराचीही जोड मिळाली आहे: वेळेत पैसे दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष ज्या वर्षी दिले त्याच वर्षी खरेदीदाराला तो खर्च वजा करता येतो. तालुक्याच्या किराणा दुकानदाराला हे सांगून उपयोग नाही, त्याच्याशी पावती वहीच कामाची. पण दिवाळीच्या भेटी घेणारी मुंबईची कंपनी, मोठं हॉटेल, साखळी दुकानं यांच्या हिशेबनीसाला ही तरतूद चांगली ठाऊक असते. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की ते बिल ढिगाऱ्यात वर येतं.

सिंधुदुर्गातल्या बायकांसाठी आणखी एक. त्यांची जवळची मोठी बाजारपेठ म्हणजे म्हापसा आणि पणजी. बांद्याच्या पुढे गेलं की राज्य बदलतं. मालाची 40 लाखांपर्यंतची जीएसटी सवलत राज्यातल्या विक्रीपुरती आहे. करपात्र माल परराज्यात विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. एकेकीने ती काढणं जड आहे. पाच जणींचं मिळून एक नोंदणीकृत बिल असेल तर गोव्याची दुकानं खुली होतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला 2016 पासून भौगोलिक मानांकन आहे, पण ते चिन्ह पाकिटावर लावायला उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते. ती नोंद बागायतदारांच्या बरोबरीने आमसूल करणाऱ्या गटांनीही करून घ्यायला हवी.

ऑनलाइन विक्रीने हे सगळे प्रश्न सुटतील असं सांगणारे पुष्कळ आहेत. सुकं, हलकं, महाग असेल ते ऑनलाइन चालतं: मसाला, काजू, सोडे म्हणजे सुकी कोलंबी. सरबताची 750 मिलीची काचेची बाटली खोक्यासकट किलोच्या वर जाते, कुरिअरचा खर्च बाटलीच्या किमतीला भिडतो आणि फुटली तर दोन्ही बुडतात. प्लास्टिकच्या साध्या बाटलीत गरम सरबत भरलं तर बाटली आक्रसते, साखर कमी पडली तर वाटेतच आंबतं आणि झाकण फुगतं. शिवाय मोठ्या संकेतस्थळावरून विकलेल्या मालाचं गिऱ्हाईक त्या संकेतस्थळाचंच राहतं, नाव-नंबर बाईकडे येत नाही. मुंबईला रोज रात्री निघणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून खोका पाठवायचा आणि दादर, ठाणे, डोंबिवलीत एका ओळखीच्या घरी उतरवून तिथून वाटप करायचं, ही जुनी पद्धत आजही स्वस्त आहे. त्या उतरवून घेणाऱ्या घरातल्या बाईला प्रत्येक खोक्यामागे पैसे द्यावेत. नातेवाईक आहे म्हणून फुकट राबवलेली वितरक दोन सणांनंतर थकते.

एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. सगळ्याच बायकांना धंदा वाढवायचा नसतो. कित्येकींना मुलांच्या फीपुरते, औषधापुरते पैसे सुटले की पुरे असतं, आणि त्यांच्या डोक्यावर विक्रीचं ओझं टाकणं अन्यायाचं आहे. हे खरं आहे. म्हणूनच प्रत्येकीने विक्री करावी असं आम्ही म्हणत नाही. गटात जिला बोलायला आवडतं, जी बाजाराला जाते, तिने ते काम करावं आणि त्याचा मोबदला घ्यावा. उमेदमध्ये बँक सखी आहे, कृषी सखी आहे, पशु सखी आहे. तशी प्रत्येक प्रभागात एक विक्री सखी हवी. तिच्याकडे तीस-चाळीस दुकानं आणि निवासांची यादी असावी, फोन आणि सिम गटाच्या नावाचं असावं, आणि मानधनाऐवजी वसूल झालेल्या रकमेवर सहा-सात टक्के कमिशन मिळावं. विकलेल्या मालावर कमिशन दिलं तर ती उधारीवर माल ओतत जाईल. वसुलीवर दिलं तर योग्य दुकान निवडेल. पहिले सहा महिने मात्र तिचा प्रवासखर्च अभियानाने द्यावा, कारण त्या काळात फक्त पायपीट असते.

जिल्हा परिषदेने आणि जिल्हा उद्योग केंद्राने एका प्रदर्शनाच्या खर्चात दुसरी एक गोष्ट करून पाहावी: खरेदीदारांची बैठक. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, कुडाळ किंवा चिपळूण. बारा खरेदीदार: चार निवास, तीन दुकानदार, दोन हॉटेलं, दोन मुंबईचे कोकणी मालाचे विक्रेते, एक भेटवस्तू पुरवणारा. समोर वीस गट. उद्घाटन नको, सत्कार नको. प्रत्येक गटाला प्रत्येक टेबलावर दहा मिनिटं, हातात एका पानाचं दरपत्रक: माल, वजन, छापील किंमत, दुकानदाराचा दर, कमीत कमी ऑर्डर, किती दिवसांत मिळेल, किती दिवस टिकेल. वीस गट गुणिले दहा मिनिटं म्हणजे प्रत्येक खरेदीदाराचे तीन तास वीस मिनिटं, तेव्हा दोन दिवसांत विभागावं. खरेदीदाराने प्रत्येक गटाच्या कागदावर तीन शब्दांपैकी एक लिहावा: हवं, सुधारून हवं, नको. 'नको' मिळालेल्या गटालाही कारण कळलं पाहिजे. तिसऱ्या दिवशी गटाने फोन करायचा, पंधरा दिवसांत नमुना ऑर्डर पोहोचवायची, आणि दोन महिन्यांनी कार्यालयाने दोन्ही बाजूंना विचारायचं, दुसरी ऑर्डर झाली का.

त्या दोन महिन्यांनंतरच्या फोनसाठी आज कोणाच्याही नियोजनात एक रुपयाही दिसत नाही. त्यासाठी नवी योजना लागत नाही. तालुका कार्यालयातल्या एका माणसाचे दोन दिवस लागतात, आणि आलेली उत्तरं पुढच्या वर्षीच्या निधीच्या प्रस्तावाला जोडावी लागतात.